कडेचे दोन मिलिमीटर

८ जानेवारी, बुधवार

नेत्राचा प्रकल्प मंजूर झाला. संचालकांनी सगळ्यांना खोलीत बोलावून पत्र वाचून दाखवलं, काशीरामने समोसे वाटले, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. माझ्या टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबतील याची काळजी घेतली.

माझ्या लॅबशेजारची कोठीची खोली तिला मिळाली. तीच खोली मी चार वर्षं मागत होते.

सोन्याचे कण या जनावरांच्या इस्पितळात आणले कोणी? मी. २०१२ साली. केसाच्या जाडीत हजार मावतील इतके बारीक. ते गाठीत टोचायचे, वरून डोळ्यांना न दिसणारा लेझरचा प्रकाश सोडायचा, की कण तापतात आणि गाठ आतून भाजून निघते. उंदरांवर चार वर्षं मी हेच केलं. गाठ जायची, आणि दोन महिन्यांनी दुसरीकडे कुठेतरी उगवायची. प्रकल्प तपासणाऱ्यांनी एका ओळीत निकाल लावला, ‘उपयोग स्थानिक, पुढे वाव नाही.’ मी फाइल बांधून कपाटावर टाकली आणि परत स्लाइडी वाचायला बसले. कुत्र्यामांजरांचे, गायीबैलांचे तुकडे येतात, मी त्यात काय आजार दिसतो ते लिहिते. पंचवीस वर्षं झाली.

नेत्रा तेव्हा माझी विद्यार्थिनी होती. मढच्या कोळीवाड्यातली मुलगी, स्कूटरवरून मालाड, मग लिंक रोडने थेट इथे मुलुंडला. पुढे प्रतिकारशक्ती या विषयात डॉक्टरेट केली आणि दोन वर्षांपूर्वी इथेच नोकरीला आली. आल्याआल्या माझी फाइल मागितली. मी म्हटलं, “ने, रद्दीच आहे.” त्या रद्दीला तिने प्रतिकारशक्ती जागी करणारं इंजेक्शन जोडलं आणि आता समोसे.

अर्जावर माझं नाव आहे. तिसरं. पुढे लिहिलंय ‘मूळ कल्पना’. हा मान एरवी दिवंगतांना देतात. ती म्हणाली, “मॅडम, मी तुमचं नाव पहिलं घातलं होतं. संचालक म्हणाले, ज्यांची नोकरीची वर्षं जास्त उरलीत त्यांचं वर ठेवा.” असं काहीतरी ती बोलणारच.

२२ जानेवारी, बुधवार

आज पहिला कुत्रा. ब्रुनो, लॅब्रेडॉर, अकरा वर्षांचा. तोंडात काळी गाठ, मेलानोमा. हा कर्करोग आधी गळ्यातल्या ग्रंथीत आणि मग फुप्फुसात जातो. मालक धोंडिराम, विक्रोळीच्या कंपनी कॉलनीतले निवृत्त फोरमन. नेत्रा त्यांना समजावत होती आणि मी दारात उभी राहून ऐकत होते.

“काका, गरम केल्यावर गाठ फुटते. तिचे तुकडे अंगातल्या राखणदारांना सापडतात. ते त्यांचा वास घेतात आणि तसाच वास जिथे येईल तिथे धावून जातात, फुप्फुसातसुद्धा. पण गाठीने त्यांना गुंगी देऊन ठेवलेली असते. माझं इंजेक्शन ती गुंगी उतरवतं. म्हणून दोन्ही एकत्र हवं.”

म्हातारा मान हलवत होता. मी चार वर्षांत एकाही माणसाला हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. माझ्याकडे सांगण्यासारखं अर्धंच होतं म्हणा.

पंचावन्न अंश, दहा मिनिटं. गाठीच्या मध्यभागी एक सुईसारखा थर्मामीटर, कडेला दुसरा. काशीराम माझा तंत्रज्ञ, पण आज तोही तिच्याच खोलीत. माझ्याबरोबर तो वीस वर्षं तुकड्यांचे पातळ काप काढतोय, माझ्या खोलीत कधी हसल्याचं आठवत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

ब्रुनोच्या उरलेल्या गाठीचा तुकडा आला. मधोमध सगळं मेलेलं. उकडलेल्या अंड्यासारखं घट्ट आणि निर्जीव, तिथे एकही पेशी फिरकलेली नाही. राखणदार येणार कशाला? हुंगायला काही उरलेलंच नाही.

मग मी काच सरकवली आणि कडेला गेले.

कडेला दोन मिलिमीटरची एक पट्टी आहे. तिथल्या पेशी भाजलेल्या नाहीत, त्या हळूहळू मरतायत. आणि त्यांच्याभोवती प्रतिकारपेशींची ही गर्दी! दादरच्या फुलबाजारात दसऱ्याच्या सकाळी असते तशी. मी नेत्राचा तक्ता काढून बघितला. कडेच्या सुईवरचा आकडा होता चव्वेचाळीस.

म्हणजे पंचावन्नला सगळं शिजतं. चव्वेचाळीसला गाठ बोलावणं धाडते.

पंधरा मिनिटं मी डोळा काढला नाही. मग रिपोर्ट लिहिला. ‘गाठीचा मध्य: संपूर्ण नाश. जिवंत कर्कपेशी आढळल्या नाहीत.’ तिच्या फॉर्मवर रकाना एवढाच आहे, उष्णतेने गाठ मेली का. मेली. शब्दन् शब्द खरा आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खात्री करायला हवी होती, म्हणून काशीरामला कडेचे आणखी काप काढायला सांगितले. प्रतिकारपेशी तपकिरी दिसाव्यात असा खास रंग द्यायला लावला. आज काचा आल्या. तपकिरी, तपकिरी, सगळी पट्टी तपकिरी. बारा वर्षांत असं काही बघितलं नव्हतं. काचा पेटीत ठेवल्या आणि पुन्हा काढून बघितल्या.

काशीराम म्हणाला, “या नेत्रा मॅडमच्या खोलीत नेऊन देऊ ना?”

“राहू देत. अजून बघतेय.”

तो तिथेच उभा राहिला. “त्यांचा पुढचा कुत्रा वीस तारखेला आहे.”

“मला माहीत आहे, काशीराम.”

एका कुत्र्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मीच तिला शिकवलंय. दुसऱ्यातही हेच दिसलं तर मी स्वतः लेख लिहीन. माझ्या नावाने. पहिल्या नावाने.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा कुत्रा. लाडू, घाटकोपरचा, सात वर्षांचा, देशी, एक कान पडलेला. घेऊन आली ती मानसी, शाळेत शिक्षिका आहे. घरी ती आणि तिचे वडील, अण्णा. ती सांगत होती, अण्णा अर्धांगाच्या झटक्यानंतर फारसे बोलत नाहीत, पण लाडूशी बोलतात. फुप्फुसं अजून स्वच्छ आहेत.

पंचावन्न अंश, दहा मिनिटं.

मी तिथे नव्हते. माझ्या खोलीत एका म्हशीच्या यकृताचा तुकडा होता, त्याचं काम होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ब्रुनो गेला. फुप्फुसं भरली होती. धोंडिराम स्वतः सांगायला आले, त्याची उरलेली औषधं परत घेऊन. कुणाला तरी उपयोगी पडतील म्हणाले. नेत्रा त्यांच्यासमोर नीट बोलली, आणि ते गेल्यावर कोठीच्या खोलीत जाऊन रडली. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला.

ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही आहात म्हणून बरं आहे.”

मला आनंद झाला नाही. हे मी स्वतःशी तपासून बघितलं, नाहीच झाला. पण ग्लास घेऊन चालताना पाऊल हलकं पडत होतं, हेही खरं.

रविवारी निहार जेवताना म्हणाला होता, “मधू, महिनाभर तू या घरात एकाच माणसाबद्दल बोलतेयस.” मी म्हटलं, ऑफिसचं बोलायचं नाही का? तो म्हणाला, “ऑफिसबद्दल कुठे बोलतेस? तिचा डबा, तिची स्कूटर, तिची ओढणी.” नवरे असलं काहीतरी मनात धरून बसतात.

११ मार्च, मंगळवार

लाडूचा तुकडा वाचला. मध्य मेलेला. कडेला तीच पट्टी, तीच गर्दी.

रिपोर्टमध्ये मध्य लिहिला.

१७ मार्च, सोमवार

शिमगा आटोपून मढहून एक बाई आल्या. पार्वतीबाई, मासळी विकतात, नेत्राच्या घराच्या मागच्या आळीतल्या. कुत्र्याचं नाव बांगडा. पाठीवर खरंच बांगड्यासारखे पट्टे आहेत. तोंडात गाठ, गळ्यातली ग्रंथी लिंबाएवढी. सुईने तपासली, आजार तिथेही पोचलाय.

नेत्राला काही विचारायच्या आधी त्या माझ्याकडेच वळल्या. “तूच ना गो ती मोठी डॉक्टरीन? यो माजे हातशिवाय खात नाय. आता माजे हातशी पन खात नाय.”

मी विचारलं, मोठी डॉक्टरीन कोणी सांगितलं? त्यांनी नेत्राकडे बोट केलं. “ही सांगतं ना सगल्या गावाला. माजी मॅडम, माजी मॅडम.”

गावाला सांगायला काय जातंय. कागदावर तिसरं.

१९ मार्च, बुधवार

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारी मी डबा खात असताना नेत्रा तिचा डबा घेऊन माझ्या खोलीत आली. लाडूचा नवा एक्स-रे आला होता, फुप्फुसात तीन ठिपके. ती स्टुलावर बसली. डबा उघडलाच नाही.

“मॅडम, कुठे चुकतंय? गाठ मरते, इंजेक्शन चांगलं आहे, तरी राखणदार उठत नाहीत. तुम्ही काचा बघितल्यात. तुम्हाला काही दिसलं का? काहीही?”

“नाही.”

“रिपोर्टमध्ये लिहिण्याएवढं नसेल, पण डोळ्याला खटकलेलं काही?”

“नाही म्हटलं ना.”

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, “मग उष्णता कमी पडत असणार. बांगड्याला साठ देते. परवानगी साठपर्यंत आहे.”

मी वाटीतली कोशिंबीर संपवली. ती गेल्यावर लक्षात आलं की तिचा डबा माझ्या टेबलावरच राहिलाय. मी तो तिच्या खोलीबाहेर नेऊन ठेवला.

आजवर मी गप्प होते. आज पहिल्यांदा खोटं बोलले. या दोन्हींत फरक आहे असं मी महिनाभर धरून चालले होते.

२३ मार्च, रविवार

माझा लेख लिहायला बसले. शीर्षक लिहिलं, खाली माझं नाव, एकटं. छान दिसत होतं.

मग पहिलं वाक्य. ‘दोन कुत्र्यांच्या गाठींच्या कडेला...’ पुढे तारखा टाकाव्या लागतात. ब्रुनो, ३ फेब्रुवारी. लाडू, गाठ तापवली २० फेब्रुवारीला. हे वाचणारा कोणीही विचारील की तीनला दिसलं होतं, तर वीसला पंचावन्न अंश का?

याचं उत्तर लेखात बसत नाही. या वहीतही आजपर्यंत बसलं नव्हतं. उत्तर असं आहे की तिचं चुकावं असं मला वाटत होतं. कुत्रे मरावेत असं नाही, फक्त तिचं चुकावं. पण कुत्रे तिच्या टेबलावर होते.

निहार बाजारातून आला आणि म्हणाला, काय गं, चेहरा असा काय? मी म्हटलं, डोकं दुखतंय.

२४ मार्च, सोमवार

सकाळी नऊला गेले. बांगडा टेबलावर, भूल दिलेली. पार्वतीबाई बाहेर बाकावर. नेत्रा लेझरचा आकडा लावत होती, काशीराम शेजारी. मी आत जाऊन म्हटलं, “साठ नको. चव्वेचाळीस ठेव. अर्धा तास.”

ती वळली. “का?”

तपकिरी काचांची पेटी मी तिच्यासमोर ठेवली. “पंचावन्नला मध्य शिजतो आणि तिथे कोणी येत नाही. कडेला चव्वेचाळीस होते, तिथे सगळे आलेत. दोन्ही कुत्र्यांत.”

शेजारच्या मायक्रोस्कोपवर तिने काच लावली. एक बघितली, दुसरी बघितली. काचांवर काशीरामच्या अक्षरात तारीख असते. १२ फेब्रुवारी. ती तारखेकडे बघत राहिली, आणि काशीराम जमिनीकडे.

ती मला काहीतरी बोलेल म्हणून मी तयार होते. तिने विचारलं, “अर्धा तास का? वीस मिनिटं का नको?”

मी सांगितलं. चव्वेचाळीसला पेशी हळू मरते, तिला वेळ द्यावा लागतो. तिने आकडा बदलला. तीस मिनिटं आम्ही तिघं त्या दोन सुया बघत होतो. आकडा सेहेचाळीसवर गेला की ती म्हणायची, “मॅडम?” आणि मी म्हणायचे, “खाली.” बारा वर्षांत इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या अर्ध्या तासात मी सुखी होते.

बांगडा शुद्धीवर आल्यावर तिने हातमोजे काढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “लाडूला वीस तारखेला तापवलं, मॅडम.”

“हो.”

“त्याची फुप्फुसं तेव्हा स्वच्छ होती.”

“हो.”

ती बाहेर जाऊन मानसीला फोन करायला लागली. “उद्या सकाळीच घेऊन या, आणखी एकदा करून बघायचंय.”

२५ मार्च, मंगळवार

लाडूला आणलं होतं. दम लागतोय. भूल झेपणार नाही असं भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. नुसतं इंजेक्शन देऊन घरी पाठवला.

मानसीने माझेही आभार मानले.

४ एप्रिल, शुक्रवार

नेत्राने एका ओळीचं पत्र टेबलावर ठेवलं. ‘नैतिक समितीला तुम्ही स्वतः लिहावं, नाहीतर मला लिहावं लागेल.’ समोर बसून बोलली असती तर बरं झालं असतं. मनात आलं, सूड घेतेय. आता पहिली जागाही तिची आणि न्यायही तिचाच.

तरी लिहिलं. दोन्ही तारखा लिहिल्या. ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. संचालक वाचून म्हणाले, “मधुवंती, हे तुम्ही?” मी म्हटलं, मीच.

समितीने मला प्रकल्पातून काढलं. स्लाइडी आता बाहेरच्या एका लॅबकडे जातील.

७ मे, बुधवार

बांगड्याच्या गळ्यातली ग्रंथी लिंबाएवढी होती, आज ती चण्याएवढी आहे. तिला कोणी तापवलं नव्हतं, तिथे प्रकाश गेलाच नव्हता. तोंडातल्या गाठीने बोलावणं धाडलं, इंजेक्शनने गुंगी उतरवली आणि राखणदार गळ्यापर्यंत आपल्या पायांनी गेले. हे मला कोणी सांगितलं नाही. व्हरांड्यातून दिसलं. पार्वतीबाई नेत्राच्या गळ्यात पडल्या होत्या, बांगडा काशीरामच्या पायाशी बसून बिस्किट खात होता, स्वतःहून, कोणाच्या हाताशिवाय.

मी खोलीत परत आले. जळफळाट कमी झाला असेल असं वाटलं होतं. उलट एक माणूस वाढलाय. त्या ग्रंथीची काच आता कुठल्यातरी अनोळखी टेबलावर जाईल, आणि कोणीतरी चहा पिता पिता ती बघेल. त्याचं नावही मला माहीत नाही. त्याचाही हेवा वाटतो.

१३ मे, मंगळवार

लाडू काल गेला.

१४ जून, शनिवार

नेत्रा आली. जवळजवळ तीन महिन्यांनी माझ्या खोलीत बसली. लेखाचा कच्चा खर्डा आणला होता. तीनच कुत्रे, एकच बरा होतोय, पण दिशा सापडली आहे, तेवढं छापून यायला हवं म्हणाली.

नावं बघितली. तिचं पहिलं, माझं दुसरं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“चव्वेचाळीस तुम्ही शोधलंत. खोटं कसं लिहू?” तिने पान उलटलं. “आणि हेसुद्धा.”

पाचव्या पानावर दोन वाक्यं होती. ‘कडेचा बदल ३ फेब्रुवारी रोजी दिसला. तो उपचार करणाऱ्यांना २४ मार्च रोजी कळवण्यात आला.’ बस. कोणी, का, काही नाही. पण वाचणाऱ्याला मोजता येईल.

“हे काढता येणार नाही?”

“येईल की. मग तुमचं नावही काढावं लागेल. चव्वेचाळीस कुठून आलं ते मी सांगू शकणार नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. “मॅडम, मी एक विचारू? त्या दिवशी मी स्टुलावर बसून विचारलं होतं. तेव्हा मी तुमचं काय बिघडवलं होतं?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“मग?”

“तुझ्याकडे दुसरं अर्धं होतं.”

तिने खर्डा मिटून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “मी ते तुमच्याकडेच घेऊन आले होते ना.”

सही करायला आठवडा दिलाय. तिला माझ्यापेक्षा जास्त काय येतं हे मी इतके दिवस शोधत होते. आज कळलं, आणि ते प्रतिकारशक्तीबद्दलचं नव्हतं. ते मात्र फाइलीत घालून कोणाकडून मागता येत नाही.

२१ जून, शनिवार

सकाळी सही केली. मग वाटलं, छापून आल्यावर मानसीला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपण जावं. रिक्षाने घाटकोपरला गेले. दुसरा मजला. तिला वाटलं, मी लाडूसाठी भेटायला आलेय. बसा म्हणाली, चहा केला. अण्णा आतल्या खोलीत होते.

कप माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, “तुम्ही लोकांनी खूप केलंत.”

मी दोन्ही तारखा सांगितल्या. मध्ये वीस फेब्रुवारी येते तेही सांगितलं. तिला लगेच कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, सोपं करून. गाठ कमी तापवायला हवी होती, मला ते माहीत होतं, मी सांगितलं नाही.

“का?”

“जिचा प्रयोग होता तिचा हेवा वाटत होता.”

ती उठली, माझ्यासमोरचा भरलेला कप उचलला आणि आत घेऊन गेली. मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला.

आतून अण्णांनी विचारलं. शब्द जड, सावकाश येत होते. “कोण... आलंय गं?”

ती म्हणाली, “कोणी नाही, अण्णा.”

मी आणखी थोडा वेळ बसले. ती बाहेर आली नाही. दार ओढून घेतलं आणि जिना उतरले.